मुकादमांचा गुडघा

पाऊस किती पडला हे वेधशाळा मिलिमीटरमध्ये सांगते, आमचे मुकादम गुडघ्यात सांगायचे. "काल पोटरीक होता, आज गुडघ्याक लागला," असा त्यांचा रोजचा अहवाल. हा गुडघा उजवा. डावा नोकरीत असताना कुठल्याशा गटाराच्या झाकणाखाली दुखावला होता, त्यामुळे तो या कामातून बाद. आमच्या सोसायटीमागच्या सखल रानात अर्जुनाचं एक जुनं झाड आहे. त्याच्या बुंध्याला पाठ लावून, पँट वर गुंडाळून ते उभे राहायचे आणि पाणी वाटीला टेकलं की निकाल जाहीर करायचे. मी एकदा उत्साहाच्या भरात स्टीलची मोजपट्टी घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ह्येका थंडी वाजता?"

"म्हणजे?"

"पाणी डोंगरातसून ताजा इला काय कालचा साठलेला, ह्या तुझी पट्टी सांगतली?"

पट्टी मी मुकाट्याने घरी नेली. आता ती पडदे मोजायला वापरतात.

मुलुंड पश्चिमेला डोंगर उतरून सपाटीला येतो, तिथे आमच्या इमारतींच्या आणि डोंगराच्या मधे एक खोलगट जागा उरली आहे. वरून एक ओढा येतो आणि तिथे पसरतो. जून संपता संपता तिथे पाणी भरतं ते थेट नोव्हेंबरपर्यंत हलत नाही, आणि त्या पाण्यात अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ पाय बुडवून उभे असतात. आम्ही सोसायटीवाले त्याला 'मागचं डबकं' म्हणायचो. मुकादम मालवणकडचे, ते त्याला 'व्हाळ' म्हणायचे. खरं नाव काय, हे मला अजून माहीत नाही, आणि त्यांच्या मते त्यावाचून व्हाळाचं काही अडलेलंही नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीत जे काही बिघडलं ते माझ्यामुळेच. मी विम्याच्या कचेरीत होतो आणि सोसायटीचा सलग अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. निवडून आलो असं मी सांगतो. खरं म्हणजे दुसरं कोणी उभंच राहत नव्हतं. माझा एकच गुण म्हणजे अर्ज लिहिणं. 'वरील विषयास अनुसरून' असं लिहिलं की माझ्या अंगात यायचं. रस्ता, दिवे, कुत्री, समोरच्या हॉलचा बँड, कशावरही मी दोन पानी अर्ज ठोकून देत असे. त्यातला एकही कधी मंजूर झाला नव्हता, पण आवक शिक्का मारलेल्या प्रती मी तारीखवार लावून ठेवत असे. माझी बायको मेधा त्या फाइलला 'याचं समग्र वाङ्मय' म्हणते.

त्या डबक्याविरुद्धचा माझा पहिला अर्ज तीन कलमी होता. एक, तेथे डासांची पैदास होते. दोन, तेथे सर्प आढळतात. तीन, आणि हे कलम मी ठळक केलं होतं, तेथे अज्ञात इसम पहाटेच्या वेळी बेकायदा पंप चालवतात व त्याचा सततचा 'क्वॅक क्वॅक' आवाज ज्येष्ठ नागरिकांची झोपमोड करतो. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो, पण अर्जात ज्येष्ठ नागरिक घातले की वजन येतं.

आठवड्याभरात पर्जन्यवाहिन्यांच्या खात्यातले मुकादम आले. उंच, काळेसावळे, निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. खांद्यावर गमबूट लटकवलेले आणि पाय अनवाणी. गमबूट पायात का नाहीत असं विचारल्यावर म्हणाले, "बूट खात्याचे आसत साहेब, खराब होतीत." मग मला म्हणाले, चला, डास दाखवा. मी म्हटलं, तुम्ही पाहून या ना. ते म्हणाले, "तक्रार तुमची. माका काय म्हायत तुमचे डास खयचे!"

गेलो. ऑफिसचे बूट घालून गेलो. चौथ्या पावलाला डावा बूट चिखलाने ओढून घेतला, तो आजतागायत परत दिलेला नाही. मुकादमांनी मला अर्जुनाला टेकवून उभं केलं आणि म्हणाले, "आता गप रवा. पाण्याक आपली सवय होऊ दे." आम्ही दोघं तसेच उभे. मला वाटलं, पाच मिनिटं असतील. घड्याळात वीस झाली होती. तेवढ्यात पायाशी बोटाएवढे मासे जमले, प्रत्येकाच्या डोक्यावर चांदीचा एक ठिपका. मुकादम म्हणाले, "हे तुमच्या डासांची पोरा खातत. हय डास वाढूचे नाय." मग लव्हाळ्यातून पांढऱ्या छातीचा, शेपूट उडवत चालणारा एक पक्षी बाहेर आला, त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि गळा काढला. क्वॅक, क्वॅक, क्वॅक! ती पाणकोंबडी होती. "ह्यो तुमचो पंप," मुकादम म्हणाले. "बंद करूचो काय?"

इतक्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण तक्रार डासांची होती आणि माणूस कामाला चोख. त्यांनी वर येऊन आमची गॅलरी तपासली. मेधाच्या कुंड्यांखाली मी हौसेने बशा ठेवल्या होत्या. त्या प्रत्येक बशीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मेधा म्हणाली, "बघ! आता स्वतःविरुद्ध अर्ज कर ना!" मुकादम हसले नाहीत. त्यांनी बशा उलट्या केल्या आणि 'तक्रारदाराचे समाधान झाले' असं लिहून माझी सही घेतली.

समाधान कसलं होतंय? माझा तिळपापड झाला होता. बायकोसमोर, एका पायात बूट नसताना माझी शोभा झाली होती. त्याच आठवड्यात मी दुसरा अर्ज लिहिला, थेट वरिष्ठांकडे. तो माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम अर्ज होता असं मी आजही म्हणेन. सदर सखल भागातून पक्का नाला काढून साचलेल्या पाण्याचा कायमस्वरूपी निचरा करावा, अशी मागणी, सोबत नकाशा, चौसष्ट फ्लॅटधारकांच्या सह्या. तो पाठवून दिला, आवक शिक्क्याची प्रत लावली आणि विसरून गेलो. माझे अर्ज मंजूर होत नाहीत हे मला ठाऊक होतं.

पुढे काय झालं की माझं रक्त तपासलं गेलं आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मुलीने त्या निमित्ताने दुर्बीण भेट दिली. गळ्यात दुर्बीण आली की माणूस आपोआप निसर्गप्रेमी होतो. मी खिशा-खिशांचं खाकी जाकीट घेतलं, पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक घेतलं आणि पहिल्याच रविवारी मागे गेलो, तर अर्जुनाखाली मुकादम उभे. आता निवृत्त झालेले, तरी दर रविवारी यायचे. मला वाटलं, ओळख देणार नाहीत. ते म्हणाले, "इलंस? चपला हयसरच काढ, सेक्रेटरी. तुझो एक बूट आधीच आसा आत." साहेबाचा 'तू' झाला तो त्या दिवशी, आणि मला ते आवडलं.

त्यांच्याकडे शिकणं म्हणजे सतत अपमान करून घेणं. नाव विचारायचं नाही हा पहिला नियम. मी पुस्तक उघडलं की ते म्हणायचे, "नाव कळला म्हणान काय कळला? तां काय करता तां सांग." एका ऑगस्टमध्ये ओढ्याच्या काठावरच्या मातीत तीन-चार बोटं रुंद बीळ दिसलं. मी लगेच पुस्तकात 'बिळे' शोधू लागलो. तेवढ्यात जांभळा, केशरी, पिवळा असा काहीतरी मुठीएवढा प्रकार चोचीत पाल धरून माझ्या कानाजवळून गेला म्हणे, आणि बिळात शिरला. तिबोटी खंड्या. त्याला पाहायला लोक कोकणात जातात, आणि मी तेव्हा अनुक्रमणिकेत होतो. मुकादमांनी फक्त एवढंच विचारलं, "गावला काय पुस्तकात?"

त्यांची आवडती गोष्ट म्हणजे वीत. "हय वीतभर वर गेलंस की गाव बदालता," असं ते म्हणायचे, आणि ते खरं होतं. अगदी खोल जागी डोक नावाचा मासा. उन्हाळ्यात पाणी आटलं की तो ओल्या चिखलात दडून राहतो. वीतभर वर लव्हाळी, तिथे पाणकोंबडीचा संसार. आणखी वीतभर वर अर्जुन-करंजांच्या मुळांत कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची बिळं. त्याच्या वर फक्त मोठ्या पुरात भिजणारी जमीन, कुजके ओंडके, त्यांवर अळंब्या आणि सुतारपक्षी. आणि अगदी वर वारुळाचा उंचवटा, तो कधीच बुडत नाही, म्हणून पाणी चढलं की धामण, घोरपड, बेडूक सगळे तिथे जमतात. "आमच्या चाळीसारख्याच," मुकादम सांगत. "तळमजल्यात पाणी इला की सगळी वरच्या माळ्यार. भांडणा मगे करूची." पाणी वीतभर उतरलं तर काय होईल, असं मी सहज विचारलं होतं. ते म्हणाले, "मगे खालचो माळो गेलो. खालचो गेलो की वरच्यांनी खाऊचा काय?" मी वहीत टिपून घेतलं. कशासाठी विचारतोय हे माझं मलाच तेव्हा माहीत नव्हतं.

एकदा उन्हाळ्यात उरल्यासुरल्या पाण्याच्या काठी बिबट्याचा ठसा दिसला. ताजा, स्वच्छ, चार बोटं आणि तळवा. सोसायटीच्या ग्रुपवर हा फोटो टाकला की आपलं काय नाव होईल, हे डोळ्यांसमोर आलं. कॅमेरा काढून, झाकण काढून, मी डोळा लावतोय तोवर मुकादमांनी तळपायाने तो ठसा पुसून टाकला.

"अहो मुकादम! काय केलंत हे?"

"पाणी पिऊक इलो, पिऊन गेलो. त्येचो पत्तो कित्याक देतंस लोकांका? उद्या कोणतरी अर्ज करतलो."

'कोणतरी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं का, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. अशी चार वर्षं गेली. मी सुधारत होतो असं मला वाटायचं. अनवाणी चालायला शिकलो, वीस मिनिटं गप्प उभा राहायला शिकलो. घरी मेधा म्हणायची, तिथे एवढा गप्प उभा राहतोस ना, मग इथे पण राहा की!

मग एका मे महिन्यात शुक्रवारी सकाळी मागे यंत्राचा आवाज आला. या वेळी पाणकोंबडी नव्हती. मी धावत गेलो तर खोलगटाच्या तोंडाशी, जिथून जादा पाणी रस्त्याच्या नाल्याकडे सांडतं तिथे, जेसीबी चर खणत होता. पुरुषभर खोल, सरळ अर्जुनाच्या दिशेने. मी दोन्ही हात पसरून आडवा झालो. तरुण ज्युनिअर इंजिनिअर होता, शांतपणे म्हणाला, "काका, बाजूला व्हा. लोकांची मागणी आहे."

"कोण लोक? कोणाची मागणी? नाव सांगा, मी त्याला बघून घेतो!"

त्याने फाइल उघडली. वर माझा नकाशा होता. खाली माझी सही. माझं अक्षर सुवाच्य आहे, मान्यच करायला हवं.

शेकडो अर्ज लिहिले आयुष्यात. त्यातला एक मंजूर झाला, तो हा. मी तिथेच उपसलेल्या मातीच्या ढिगावर बसलो. त्या ढिगात एक डोक मासा होता, झोपेतून उकरून काढलेला, तोंड उघडझाप करत. मी त्याला उचलून ओल्या चिखलात ठेवला. तो जगला का, मला माहीत नाही. इंजिनिअर भला होता; माझी अवस्था पाहून म्हणाला, सोसायटीचा ठराव आणि अर्ज मागे घेतल्याचं पत्र सोमवारी सकाळपर्यंत आणा, तोवर मशीन दुसरीकडे लावतो. नाही आणलं तर चर पूर्ण होणार, आणि चर पूर्ण झाला की व्हाळात पाणी ठरणार नाही.

आता मुकादमांना सांगायला हवं होतं. भांडुपला त्यांच्या चाळीत गेलो. जिने चढताना मी मनात वाक्यं जुळवत होतो, 'सदर अर्ज अनवधानाने' वगैरे. ते खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मी म्हटलं, "मुकादम, मशीन आलंय. तो अर्ज... तो अर्ज माझाच आहे."

"म्हायत आसा," ते म्हणाले आणि तेलाची बाटली बंद केली.

वरिष्ठांकडे गेलेला अर्ज पाहणीसाठी खालीच आला होता. त्यांच्याकडेच. साहेबांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, पाऊस जाऊ दे, मग बघू. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. निवृत्त झाल्यावर 'पाऊस जाऊ दे' म्हणायला तिथे कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? आणि तरी मला शिकवत राहिलात?"

"मगे काय करू? तू शिकलेलो माणूस, सांगून काय ऐकणा नाय. म्हटलंय, ह्येका पाण्यात उभो करूया. बघतलो तेवा कळतला."

मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. चार वर्षं मी या माणसाच्या शेजारी खाकी जाकीट घालून उभा होतो, आणि त्याच्या व्हाळाचा मारेकरी मीच आहे हे एकट्या त्यालाच माहीत होतं. मी रडलो. मुकादमांच्या सुनेने घाबरून पाणी आणलं. मुकादम म्हणाले, "रडान काय होतला मेल्या? तू अर्ज लिवणारो ना? मगे लिव."

रविवारी संध्याकाळी सर्वसाधारण सभा घेतली. चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय सभा भरत नाही, हे अकरा वर्षं सगळ्यांना मीच सुनावत आलो होतो, आणि ते प्रत्येकाच्या लक्षात होतं. चेअरमननी मला दोनदा आठवण करून दिली. शेवटी मी उभा राहिलो. दोन रात्री जागून लिहिलेलं सात पानी निवेदन हातात होतं, परिसंस्था, जैवविविधता, सगळं त्यात होतं. पहिल्या पानावरच लोक मोबाइल काढू लागले. मागच्या खुर्चीवर मुकादम बसले होते. त्यांनी काही खूण केली नाही, नुसता उजवा गुडघा चोळत होते. मी पानं बाजूला ठेवली.

म्हटलं, "डास माझ्या गॅलरीत होते. कुंड्यांखालच्या बशांत. पंप नव्हता, पक्षी होता. मला राग आला म्हणून मी नाला मागितला आणि तुमच्या सह्या घेतल्या. माझी चूक झाली. ती मागे घ्यायला मला मदत करा."

आणि सभागृहात जो हशा उसळला! "बशा!" कोणीतरी ओरडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अरे, तेव्हा माझ्या नातवाला डेंग्यू झाला होता रे, तुझ्याच कुंड्या ना त्या?" त्या हसत होत्या, पण मला ते लागलं. ठराव मंजूर झाला. सूचक मेधा होती. एकमताने, असं इतिवृत्तात आहे; चेअरमन तटस्थ होते, पण इतिवृत्त मी लिहितो.

सोमवारी इंजिनिअरने पत्र घेतलं, काम थांबवलं. पण खणलेला चर तसाच राहिला, कारण खणण्याचं काम मंजूर होतं, बुजवण्याचं नव्हतं. त्या चरातून व्हाळ गळून गेला असता. मुकादम म्हणाले, बांध घालूया. त्यांच्या गावी पाऊस सरला की व्हाळाला बांध घालतात, घरटी एक माणूस जातो. आमच्याकडे फ्लॅटटी एक माणूस बोलावला. चौसष्टांपैकी सात आले, त्यातले दोन फोटो काढायला.

काम सुरू करण्याआधी मुकादमांनी नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा! ह्या व्हाळाच्या राखणदारा! आज ही तुझी लेकरा हय जमली आसत. ह्या सेक्रेटरीन अर्ज करून जो काय घोळ घातलो, तो तुझ्या पायाखाली घे आणि व्हाळाचा पाणी व्हाळात ऱ्हवांदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे ओरडले. मीसुद्धा ओरडलो, सगळ्यांत मोठ्याने.

मुकादम प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होते, मोठे दगड खाली, मधे माती, मग फांद्या, परत माती. सातव्या पाटीला माझी कंबर धरली आणि पुढचे आठ दिवस मी पलंगावर होतो. बांध मात्र धरला. ऑगस्टमध्ये आम्ही अर्जुनापाशी गेलो. पाणी मुकादमांच्या गुडघ्याला लागलेलं होतं, आणि पाणकोंबडी पहाटेपासून बोंबलत होती. त्यांनी पाण्यात हात घालून तो कपाळाला लावला. निघताना म्हणाले, "आता दर वर्साक अर्ज कर."

"आता कसला अर्ज?"

"काय करू नका म्हणान. खयतरी तुझ्यासारको दुसरो सेक्रेटरी बसलेलो आसतलो. त्येच्या आदी तुझो कागद जाऊक व्हयो."

त्यानंतर दीडेक वर्षात त्यांचा उजवा गुडघाही गेला. मुलाने त्यांना गावी नेलं. जाताना त्यांनी मला काही दिलं नाही, फक्त नंबर दिला. पावसाळ्यात दर रविवारी मी पाण्यात उभा राहून फोन लावायचो. "खय इला?" पलीकडून प्रश्न यायचा. मी म्हणायचो, गुडघ्याला. "कोणाच्या?" मी त्यांच्यापेक्षा वीतभर बुटका, माझ्या गुडघ्याच्या वर चार बोटं पाणी आलं की ते त्यांच्या गुडघ्याला लागतं. हा हिशेब त्यांनी मला निघण्याआधी अर्जुनाला टेकून, शेजारी शेजारी उभं करून शिकवला होता. "तुझो गुडघो नको सांगू, माझो सांग," असं ते ठणकावायचे, आणि मी चार बोटं लावून सांगायचो.

गेल्या थंडीत ते गेले. सुनेने फोन केला. मी गावी जाऊ शकलो नाही, त्या आठवड्यात मलाच ताप होता. याची रुखरुख मला आहे आणि ती राहील.

या ऑगस्टमध्ये मी खात्याच्या कचेरीत नेहमीचा अर्ज घेऊन गेलो. खिडकीत नवीन मुलगी होती. तिने तो दोनदा वाचला. 'विषय : सदर सखल भागात पाणी साचलेले असल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर ठिकाणी पाणी यंदाही व्यवस्थित साचलेले आहे. तरी कृपया कोणतीही कार्यवाही करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'

"काका, यात मागणी काय आहे?"

"काही करू नका, ही."

"बस? मग मंजूरच समजा ना!" ती हसून म्हणाली आणि तिने शिक्का मारला.

परत येताना मी मागे गेलो. चपला बाहेर काढल्या, अर्जुनाला पाठ लावली, पँट गुंडाळली. पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आलं होतं. सवयीने हात खिशातल्या फोनकडे गेला आणि तसाच राहिला. मग वाकून गुडघ्यावर चार बोटं लावून पाहिली, आणि आजूबाजूला कोणी नाही हे बघून मोठ्याने सांगितलं, "मुकादम, गुडघ्याक लागला. तुमच्या." पाणी थंड होतं, डोंगरातलं ताजं.